मोकळा दगड

१

सकाळी सात वाजता वनमाला बुरुजाशी पोचायची तेव्हा छबुबाई चुन्याच्या टाक्यात फळी घालून ढवळत असायची. मग ताडपत्री सोडायची, परांचीच्या दोऱ्या हाताने ओढून बघायच्या, ओळंबा टांगायचा आणि नकाशाची सुरळी उघडून तिच्या चार कोपऱ्यांवर चार चिपा ठेवायच्या. पूर्वी हे ती आणि तिचा नवरा बद्रीनाथ मिळून करायचे. आता एकटीला जरा वेळ लागतो, एवढाच काय तो फरक, असं ती स्वतःला सांगायची.

कोटसांगवीच्या तटाला एके काळी नऊ बुरूज होते. त्यातल्या आठांचे दगड गावभर वाटले गेले. कुणाच्या जोत्यात, कुणाच्या गोठ्यात, दोन शाळेच्या फाटकाशी बसायला. उरला तो वेशीच्या डाव्या हाताचा. त्याचं पोट पुढे आलेलं, म्हणून गाव त्याला गरवार बुरूज म्हणायचं. छबुबाईच्या मते चारशे वर्षं दिवस राहिलेली अशी दुसरी बया जिल्ह्यात नव्हती.

फुगलेली भिंत सरळ करायची तर दर्शनी दगड एकेक करून उतरवावे लागतात, मागचा भराव पक्का करावा लागतो, आणि तेच दगड पुन्हा त्याच जागी बसवावे लागतात. म्हणून उतरवण्याआधी प्रत्येक दगडावर आकडा घालतात. आकडे घालायचे बद्रीनाथने आणि ते नकाशावर चढवायचे वनमालाने, अशी त्या नवराबायकोची बावीस वर्षांची वाटणी होती. धारूरच्या बाजूच्या किती बारवा, किती वेशी त्यांनी अशा उतरवल्या आणि चढवल्या. बद्रीनाथला बाजारचा रंग चालत नसे. चुन्याच्या निवळीत बाभळीचा डिंक खलायचा आणि शिंदीची काडी ठेचून तिचा कुंचला करायचा. तो भिंतीपाशी उभा असला की त्या डिंकाचा आंबूस वास यायचा.

आणि प्रत्येक थरात एक दगड तो बिनआकड्याचा सोडायचा. ही रीत त्यांच्याबरोबर गवंडीकाम करणाऱ्या नबी मिस्त्रीच्या घराण्यातली. सगळीच्या सगळी भिंत मोजू नये, एक दगड तिचा तिला ठेवावा, असं नबीभाईच्या बापाने सांगितलेलं. तो मोकळा दगड थरात शेवटी बसवायचा, आणि हातोडा न लावता, नुसत्या तळव्याने रेटून. बद्रीनाथ पहिल्या वर्षी हसला होता. दुसऱ्या वर्षापासून त्याने स्वतःच दगड निवडायला सुरुवात केली. थरासमोर उभा राहून, डोळे बारीक करून, कधी ह्या टोकाचा तर कधी त्या टोकाचा. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती.

बद्रीनाथने सहाशे बारापर्यंत आकडे घातले होते. दर्शनी अंगाचे तेवढेच होते. आषाढात बीडच्या दवाखान्यात तो गेला. काम बंद पडलं, आणि रस्ता रुंद करायला टपलेल्या मोहनरावांनी नगरपंचायतीत विषय घेतला. फाल्गुन संपायच्या आत बुरूज उभा दिसला नाही तर त्याला धोकादायक ठरवून जेसीबी लावायचा. वर फायलीसाठी बुरुजाचा इतिहास चार पानांत लिहून मागितला. मोहनराव सांत्वनाला म्हणून आले तेव्हाच हेही सांगून गेले. वनमालाने त्यांना चहा दिला आणि पौषात पुन्हा परांची बांधली.

२

सहाशे बारावा दगड माघातल्या एका मंगळवारी उतरला.

त्याच्या मागे सिमेंट होतं, निजामाचं राज्य गेल्यावर कुणीतरी थापलेलं. सिमेंटच्या मागे विटा, त्या निजामाच्या वेळच्या. वनमाला फायलीसाठी लिहून घेत होती. तिला या कामात बरं वाटत होतं. भिंतीचा इतिहास बखरीत सापडत नाही, तो असा आडवा सापडतो, दरवाज्यांसारखा एकामागे एक, हे बद्रीनाथचं म्हणणं तिने पहिल्या पानावर नाव न घालता लिहिलं होतं.

विटांचा थर निघाला आणि मागे मूळचा काळा दगड दिसला. नबीभाईने फडकं मारून धूळ झाडली. मग फडकं तसंच हातात धरून तो मागे सरकला.

दगडावर ६१३ लिहिलं होतं.

पांढरं, स्वच्छ, तीनही आकडे किंचित डावीकडे झुकलेले. बद्रीनाथ डावखुरा होता.

वनमाला परांचीवर चढली. तिने बोट लावलं नाही. आधी तिने हिशेबी विचार केला. त्याने कधीतरी भोक पाडून आत हात घातला असेल. पण विटा तर आपण आत्ता काढल्या, आणि त्यांच्या सांध्यातला चुना शंभर वर्षांचा होता. मग पाणी झिरपून क्षार वर आले असतील, त्यांचे असे आकार होतात. तिने तीन वेगवेगळ्या वेळी दगडाकडे पाहिलं. क्षारांना डावखुरं वळण नसतं.

आकड्याखाली दगडावर टाकीचे जुने घाव होते. कुणीतरी काहीतरी खरवडून काढल्यासारखे. ते मात्र खरोखरच जुने होते. पुढचा चुना धरावा म्हणून टाचे मारले असतील, असं तिने लिहून घेतलं.

नबीभाईने खालून विचारलं, “भाभी, हे बद्रीभाऊचं हाय न?”

“दिसतंय तसं,” ती म्हणाली. आणि तेवढ्यात तिला डिंकाचा वास आला.

३

पुढचे चार दिवस तिने आतले दगड काढवले.

असं करायचं नव्हतं. भराव घट्ट होता. तो तसाच ठेवून पुढे चुना भरायचा आणि दर्शनी दगड चढवायचे, एवढंच काम उरलं होतं. पण सहाशे तेराच्या शेजारी सहाशे चौदा होता, त्याच्या मागे सहाशे सदतीस, आणि प्रत्येक दगड निघाला की मागच्या अंधारातून पुढचा आकडा दिसायचा. वनमाला नकाशाला नवा कागद जोडून तो चढवायची. बावीस वर्षं तेच तर केलं होतं. तो लिहितो आणि ती चढवते. चौथ्या दिवशी आपण गुणगुणतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि आषाढानंतर हे पहिल्यांदाच.

छबुबाईने नेमकं ते पकडलं. ती म्हणाली की बाईला गाणं सुचायलंय, म्हणजे आता चुनाही गोड होईल, गूळ घालायची गरज न्हाई. मग टाक्यातली फळी थांबवून ती हळूच म्हणाली, “माझा नवरा मेल्यावर दोन वरसं मी त्याच्या जोड्यात पाय घालून बघायचे. कुणाला सांगितलं न्हाई. पण मी जोडेच घालायचे बाई, भिंती न्हाई पाडल्या.”

वनमालाने पुढचा आकडा नकाशावर चढवला.

शनिवारी दुपारी नबीभाईने पहार खाली ठेवली. ते तीन हात आत गेले होते, आणि आणखी एक थर काढला की वरचा सगळा भार लाकडी टेकूंवर येणार होता. टेकू ते पेलणार नव्हते. बुरूज एका रात्रीत बसेल आणि मोहनरावांना जेसीबीचं डिझेलसुद्धा लागणार नाही, हे त्याने दोनदा समजावून सांगितलं.

“कावून उघडायल्या तुमी?” शेवटी त्याने सरळ विचारलं. “तिथं आत कोण हाय?”

हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता. तिने नकाशा उघडला. हातांना काहीतरी हवं म्हणून ती आतल्या थरांचे आकडे मोजू लागली. पहिल्या थरात चोवीस दगड, चोवीस आकडे. दुसऱ्यात एकवीस दगड, एकवीस आकडे. तिसऱ्यात बावीस, बावीस. तिने पुन्हा मोजलं. जुन्या कागदावर दर दोन बोटांवर एक रिकामा चौकोन होता. नव्या कागदावर एकही नव्हता.

ऊन लख्ख होतं. वेशीतून नेकनूरची एसटी हॉर्न देत गेली. वनमालाने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

“नबीभाई,” ती म्हणाली, “एकही मोकळा दगड सोडलेला नाही.”

नबीभाईने झटकन आपल्या ओठांवर बोट ठेवलं. त्याची नजर तिच्याकडे नव्हती, बुरुजात पडलेल्या खोबणीकडे होती. पण ती बोलून गेली होती, आणि तेही खोबणीत वाकून, चांगलं स्पष्ट, वर्गात शिकवल्यासारखं.

४

रविवारी काम बंद होतं. सोमवारी ती सातला आली, ताडपत्री सोडली, दोऱ्या ओढून बघितल्या, ओळंबा टांगला.

काढलेले आतले दगड वेशीजवळच्या मोकळ्या जागेत थराथराने मांडून ठेवले होते. प्रत्येक थरातल्या एका दगडाचा आकडा गेला होता.

पुसला होता. ओल्या बोटाने पुसावा तसा, दगडावर पांढरट फराटे होते. पहिल्या थरात सातवा, दुसऱ्या थरात सातवा, तिसऱ्या थरात सातवा.

छबुबाई म्हणाली दव पडलं असेल. आणि मग स्वतःच म्हणाली की दव काय मोजून पडतं का. नबीभाई त्या दगडांच्या जवळ गेलाच नाही. त्याने आपली थापी, ओळंबा, करणी एका पोत्यात भरली, पोतं खांद्यावर घेतलं आणि वनमालासमोर येऊन उभा राहिला. पाय निघत नव्हता त्याचा. बापाने ही रीत सांगितली तेव्हा कारण विचारलं होतं का, असं वनमालाने त्याला विचारलं. विचारलं होतं, तो म्हणाला. बाप म्हणाला होता, की कोण मोजायलंय ते कळायला पाहिजे.

“मग आता कळलं न?”

“आता कसं कळंल भाभी? आता त्याला पण ठावं झालं.”

हेच वनमालाच्या मनात आलं होतं. एकच खूण होती, आणि ती तिने स्वतःच्या तोंडाने देऊन टाकली होती. आता उलट विचारही करता येत होता. बद्रीनाथच असेल, घाईत विसरला असेल, तिने टोकलं म्हणून त्याने दुरुस्त केलं. तिने टोकलं की तो दुरुस्त करायचाच. संसारात शंभर वेळा केलेलं.

तिने नबीभाईला पोतं खाली ठेवायला लावलं, त्याला आणि छबुबाईला चहाला पाठवलं, मोबाईलची बॅटरी लावली आणि परांचीवर चढून खोबणीत वाकली.

तीन हात आत चौथ्या थराचा दगड होता. खोबणीत थंडी होती, आणि डिंकाचा वास इतका ताजा की डोळे चुरचुरले. दगडावर ६८ एवढंच लिहिलेलं होतं. ह्या थराचे आकडे सहाशे ऐंशीपासून सुरू होतात, म्हणजे शेवटचा आकडा राहिला, असं तिने मनात म्हटलं. त्याच वेळी तिच्या लक्षात आलं की ६८ च्या पुढे एक रेघ आहे. ओली, उजेडात चमकणारी, बोटभर लांब, वरून खाली येणारी.

ती बघत राहिली. रेघ थांबलेली होती.

मग ती वाढली. जवाच्या दाण्याएवढी. कुंचला नव्हता, हात नव्हता, सावलीसुद्धा नव्हती. रेघ डावीकडे वळली, जशी तो वळवायचा तशीच. पण फार हळू. एखाद्याने दुसऱ्याची सही समोर ठेवून गिरवावी तशी.

वनमाला हलली नाही. बॅटरी तिने तशीच रेघेवर धरली. आपण किंचाळत का नाही याचं तिला नवल वाटलं. तिला भीती वाटत होती आणि भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी वर येत होतं. राग. गेले सात महिने ज्याला तिने कुणापुढे डोकं वर काढू दिलं नव्हतं, तो राग. दवाखान्यात कागदावर सह्या घेणाऱ्यांवर काढला नाही, मोहनरावांवर काढला नाही, देवावर तर नाहीच. तो आता तिला पुरेपूर सापडला.

ती आकड्याकडे बघत, खालच्या आवाजात, घरात बोलावं तसं बोलली. “ते असते तर असं मुकाट पुसलं नसतं. आधी माझ्याशी भांडले असते.”

रेघ थांबली.

“आणि तुम्हीच असाल,” ती आणखी आत वाकली, “तुम्हीच असाल, तरी मी बंद करतेय. हा बुरूज तुम्ही उभा करायला घेतला होता. मी पाडणार नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही.”

आत काहीच झालं नाही. बॅटरीच्या उजेडात ती रेघ नुसती ओली राहिली.

५

नबीभाई चहावरून परत आला तो पोतं घेऊन जायलाच. वनमालाने त्याला थांबा म्हटलं नाही. ती पदर खोचून करणीने चौथ्या थरावर चुना ओढत होती, आणि वाईट ओढत होती. तो दोन मिनिटं बघत उभा राहिला. मग म्हणाला की असा चुना लेपला तर भूतच काय, उंदीर बी आत ठरायचा न्हाई, सरका. आणि पोतं उघडलं.

काढलेले दगड परत आत घालण्याआधी वनमालाने एक काम केलं. टाकी आणि हातोडी घेतली आणि वेशीपाशी मांडलेल्या आतल्या सदुसष्ट दगडांवरचे आकडे आणि फराटे एकेक करून खरवडून काढले. पुसले नाहीत, खरवडले. चाळिसाव्या दगडापाशी तिचा हात थांबला. तिच्या टाकीचे घाव दगडावरच्या जुन्या घावांच्या शेजारी पडले होते. तीच खोली, तीच तिरकी ओळ.

ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. विटा लावणारा, त्याच्या आधीचा, त्याच्याही आधीचा. सगळे तीन हात आत आले होते. सगळे तिथूनच परत फिरले होते. त्यांना कुणाची अक्षरं दिसली असतील?

मग तिने उरलेले सत्तावीस खरवडले.

नऊ दिवसांत खोबण बुजली. पुढे विटा, विटांपुढे चुना. मग दर्शनी दगड चढू लागले. एक, दोन, तीन, बद्रीनाथच्या खऱ्या आकड्यांनी, जुन्या नकाशाप्रमाणे. हे आकडे चढवताना तिला काहीच वाटायचं नाही असं नाही. पण हे तिच्यासमोर लिहिलेले होते. ऊन होतं, तो शिट्टी वाजवत होता आणि मध्येच पाणी मागत होता.

दर थराचा मोकळा दगड नबीभाई बसवायचा. शेवटच्या थराचा तिने मागून घेतला. उभा, अरुंद, उशीएवढा दगड. बद्रीनाथने निवडलेला, उजव्या टोकाकडून तिसरा. फाल्गुनातली दुपार होती, खाली छबुबाई घमेलं घासत होती, आवाज येत होता. वनमालाने दगडावर दोन्ही तळवे टेकले आणि रेटलं. दगड चारेक बोटं आत सरकला आणि अडला.

चुन्यावर अडला असेल असं वाटून तिने पुन्हा जोर लावला. दगड थोडा आत गेला आणि तेवढाच परत आला.

दगड गरम होता. उन्हाने तापतो तसा नाही. ऊब मागच्या बाजूने येत असल्यासारखा, आणि मधोमध जास्त. एक तळवा मावेल एवढ्या जागेत.

नबीभाईने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हातोड्याकडे हात नेला. तिने मान हलवली. मग ती परांचीच्या फळीला टाच रोवून उभी राहिली, खांदा लावला, आणि दात आवळून सगळ्या अंगाने रेटलं. बाळंतपण असं असतं म्हणतात, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि लगेच गेलं. पलीकडचा जोर कमी नव्हता. तो ओळखीचा होता, हे सर्वांत वाईट. कपाट सरकवताना, ओली गोधडी पिळताना, बावीस वर्षं दुसऱ्या बाजूला असायचा तेवढाच, तसाच जोर.

“नाही,” ती म्हणाली. एवढंच.

दगड आत गेला. कडेने चुना फसकन बाहेर आला आणि तिच्या मनगटावर ओघळला.

६

मोहनराव पाहणीला आले तेव्हा ओळंबा भिंतीला दोरीभर लागून सरळ होता. त्यांनी बुरुजाभोवती एक फेरी मारली, पोट गेलं की ह्याचं, असं हसून म्हणाले, आणि रस्ता दुसऱ्या बाजूने वळवता येईल का यावर इंजिनिअरशी बोलत गाडीत बसले. फाईल वनमालाने त्यांच्या हातात दिली. चार पानं मागितली होती, साडेतीन झाली. शेवटचा परिच्छेद असा होता: या बुरुजाची आजवर निदान चार वेळा दुरुस्ती झाली. प्रत्येक वेळी काम करणाऱ्यांनी भिंत तीन हात उघडली आणि बंद केली. त्यांनी ते योग्य केलं. पुढेही कुणी त्यापलीकडे जाऊ नये.

काम संपलं की दर्शनी आकडे धुऊन काढायचे असतात. चुन्याचे असतात, पाणी आणि काथ्याचा कुंचला लावला की जातात. वनमालाने ते तीन दिवसांत धुतले. बद्रीनाथच्या हातचं शेवटचं लिखाण असं पाण्याबरोबर वेशीच्या गटारात गेलं. छबुबाई म्हणाली की एक तरी ठेवायचा होता. ती म्हणाली, ठेवायचे नसतात.

चौथ्या दिवशी सकाळी वरच्या थरातल्या मोकळ्या दगडावर ६८४ लिहिलेलं होतं.

नबीभाईने ते पाहिलं आणि खाली बघत म्हणाला की आपण दोघं मिळून दुसरा दगड लावू. वनमाला म्हणाली, दगड तोच राहील.

आता काम नाही, तरी ती रोज सातला वेशीपाशी येते. दूध घालायला निघालेली माणसं तिला रामराम करतात. गावाला वाटतं, नवऱ्याने केलेलं काम आहे, बाई स्वच्छ ठेवते. ती शिडी लावते, बादली अडकवते, वर चढते. आकडा रोज एकाने पुढे गेलेला असतो. डावीकडे झुकलेला, दिवसेंदिवस अधिक सफाईदार. गेल्या आठवड्यापासून तर अगदी हुबेहूब. ती तो नीट वाचते, कारण वाचल्याशिवाय पुसणं तिला पळपुटेपणा वाटतो. मग काथ्याचा कुंचला बुडवून दगड कोरा होईपर्यंत घासते.

आज सकाळी आकडा नव्हता. आकड्याच्या जागी तिचं नाव होतं. तो घरात हाक मारायचा ते, दोन अक्षरांचं, जे कागदावर कधीच कुणी लिहिलं नव्हतं.

वनमालाने ते वाचलं. बादलीत कुंचला बुडवला.

“अजून येत नाही नीट,” ती म्हणाली, आणि घासायला लागली.